खांद्यावरचा टॉवेल

उमाशंकर बिरादार यांनी तो बॉक्सिंगचा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि पंजाबात प्रशिक्षकाचा कोर्स करत होते. पिक्चर परदेशी, काळा-पांढरा, त्यांच्या जन्माआधीचा. नायक विटा रचणारा गवंडी, वय उतरणीला लागलेलं. शेवटच्या लढतीत तो पाच वेळा पडतो. पाचव्यांदा कसाबसा उठतो तेव्हा त्याचा म्हातारा उस्ताद लढत थांबवण्यासाठी रिंगमध्ये टाकायचा टॉवेल उचलतो. गवंडी त्याच्याकडे बघतो आणि नुसती 'नको' अशी मान हलवतो. उस्ताद टॉवेल परत आपल्या खांद्यावर टाकतो. त्या जागी ना संगीत आहे ना बोलणं. तरी त्या दिवशी कोर्सची सगळी मुलं खुर्च्या सोडून उभी राहिली होती. उमाशंकरही उभे राहिले होते.

पुढे ते उदगीरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झाले. आडत बाजारातून बारदानं आणून त्यांत वाळू आणि चिंध्या भरल्या, कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगल्या आणि बॉक्सिंग सुरू केलं. स्पर्धेला जाण्याआधी ते दरवर्षी मुलांना तो पिक्चर लॅपटॉपवर दाखवत. इंग्रजी कुणाला कळत नसे, म्हणून मधेमधे सांगत जात. टॉवेलच्या जागी थांबवून म्हणत, "हे बघा. पोराला काय पाहिजे ते उस्तादाला कळलं पाहिजे."

व्यंकटी बिलोली तालुक्यातला. वडील लहानपणीच गेलेले, शेत आई कस्तुराबाईच बघायची, धाकटी बहीण सिंधु शाळेत. बारावीनंतर तो उदगीरला आला आणि शेडमध्येच रमला. हात लांब, पाय हलके. बोलायला लाजरा होता, पण पिक्चर संपला की हमखास म्हणायचा, "सर, त्यो टॉवेलचा सीन अजून एकदा लावा की."

सहा वर्षांपूर्वी नांदेडला विभागीय स्पर्धा होती. व्यंकटी अंतिम फेरीत पोचला होता. दुसऱ्या राउंडला तो पडला, आठपर्यंत मोजणी झाली, उठला. तिसऱ्या राउंडला पुन्हा डोक्याला ठोसा बसला. पंचांनी मोजणी करून विचारलं, "ठीक?" त्यानं मान डोलावली. लढत पुन्हा सुरू झाली, पण उमाशंकरना त्याचे डोळे दिसत होते. ते समोरच्या मुलाकडे बघत नव्हते, त्याच्या मागे कुठेतरी लागले होते. उमाशंकरनी टॉवेल उचलला. व्यंकटीला तो दिसला आणि त्यानं गवंड्यासारखीच 'नको' अशी मान हलवली.

उमाशंकरनी टॉवेल खांद्यावर टाकला. मागच्या बाकांवर उदगीरची मुलं बसली होती. त्यांनी तो पिक्चर पाहिलेला होता, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर वीस सेकंद गेले असतील. ठोसा कानामागे बसला. व्यंकटी पडला तो हात न टेकता. मेंदूत रक्त साकळलं होतं. त्याच संध्याकाळी नांदेडात ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढे दहा-बारा शब्द परत आले, त्यांत एक 'सर' होता. चौकशी झाली, सगळं नियमात बसत होतं. टॉवेलबद्दल कुणी विचारलं नाही आणि उमाशंकरनी सांगितलं नाही.

त्यांनी शेडमधली बारदानं उतरवली. मुलांना आता ते फक्त पळायला शिकवत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी देगलूरवरून बिलोलीला जात, तिथून व्यंकटीच्या गावी. व्यंकटीच्या उजव्या हाताची मूठ आवळली होती ती सुटत नव्हती. डॉक्टरांकडून शिकून घेतलेला व्यायाम ते तासभर देत. कस्तुराबाई चहा करायची, म्हणायची, "सर, तुमी हायेत म्हणून." वाक्य ती पुरं करायची नाही. उमाशंकर मान खाली घालून चहा प्यायचे.

यंदा लातूरहून मंजुषा नावाच्या प्राध्यापिकेचा फोन आला. त्यांचं एक फिल्म मंडळ होतं आणि रविवारी दुपारी ते हाच पिक्चर दाखवणार होते. बॉक्सिंगमधल्या माणसानं नंतर चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती. उमाशंकरनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. सहा वर्षांत त्यांनी तो पिक्चर पाहिला नव्हता. आता तो खोटा वाटेल, अशी त्यांना आशा होती.

काही ठिकाणी तो खोटा वाटलाही. गवंड्याचं रक्त पडद्यावर शाईसारखं सुंदर दिसत होतं. लढतीनंतर तो घरी येतो, सुजलेल्या तोंडानं बायकोबरोबर चहा पितो, हसतो. त्याला उलटी होत नाही. तो बायकोचं नाव विसरत नाही. पिक्चर तिथेच संपतो, दुसऱ्या दिवसाची सकाळ कुणी दाखवत नाही. हे सगळं उमाशंकरना आता लख्ख दिसलं.

पण त्याआधी पाचव्यांदा पडण्याची जागा आली होती. गवंडी गुडघ्यावर होता, आणि उमाशंकरच्या तोंडून शब्द निघाला, "ऊठ." शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. उमाशंकरच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या, डोळे भरले होते. एवढं होऊनही तो उठावा असंच त्यांना वाटत होतं. टॉवेल खांद्यावर गेला तेव्हा छातीत तेच भरून आलं जे सव्विसाव्या वर्षी आलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

नंतर माईक हातात आला तेव्हा ते म्हणाले, "पिक्चर चांगला आहे. मला अजून आवडतो, आत्ताच कळलं मला." मग त्यांनी नांदेडची गोष्ट सांगितली, टॉवेलसकट. सांगताना आवाज चढला नाही की फुटला नाही.

शेवटी एका माणसानं विचारलं, "म्हणजे असे सिनेमे दाखवू नयेत, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"दाखवा की," उमाशंकर म्हणाले. "मला राग आहे त्याचा, पण सगळं त्याच्यावर ढकलायचं म्हटलं तर ते खरं न्हाई. पिक्चर बघितला नसता तर मी टॉवेल टाकला असता का? मला म्हायीत न्हाई. मलाबी तो सामना जिंकायचा होता."

दुसऱ्या दिवशी मंजुषाताईंचा फोन आला. कुणीतरी उमाशंकरचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं आणि ते एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जात होतं. मंजुषाताईंना वाईट वाटत होतं. उमाशंकर म्हणाले, "तुमची काय चूक त्यात?" आणि ते कस्तुराबाईपर्यंत पोचायच्या आत मंगळवारी सकाळची बस धरली.

कस्तुराबाई ओसरीत सुपात तुरी निवडत होती. व्यंकटी दाराजवळच्या बाजेवर बसला होता. "सर," तो म्हणाला आणि डावा हात उचलला.

"आज मंगळवारी कसं काय?" कस्तुराबाईनं विचारलं.

उमाशंकर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"टावेल टाकला असता तर खेळ थांबला असता?"

"हाव."

"लगेच?"

"लगेच, ताई."

"मंग त्यो मार बसला नसता."

"न्हाई."

तिनं दोन खडे वेचून बाहेर फेकले. मग ती म्हणाली, "सहा वर्सं येऊन राहिले तुमी. मी गावाला सांगायचे, मास्तर असावा तर असा. लेकरावर लई माया हाय म्हणून."

"माया हाय, ताई."

"आसंल." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "पन आता येऊ नका."

उमाशंकर उठले. व्यंकटीला काय कळलं होतं ते त्याच्या तोंडावरून समजत नव्हतं. त्यांना निघताना पाहून तो दोनदा "सर, सर" म्हणाला. त्याच्या अंगाला हात लावावा की नाही हे उमाशंकरना ठरवता आलं नाही. न लावताच ते बाहेर पडले.

पुढचा दुसरा शनिवार त्यांनी उदगीरला मैदानावर एकट्यानं काढला. त्यापुढचाही. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सिंधु होती. आता ती कॉलेजात जात होती.

"सर, दादाची मूठ उघडताना आधी बोटं का अंगठा? मी करते तर त्याला दुखून राहिलंय."

"आधी मनगट खाली वाकव," उमाशंकर म्हणाले. "मग अंगठा बाहेर काढ, बुडापासून धरून. बोटं शेवटी. ओढायचं न्हाई. थांबायचं, आपोआप ढिली पडतात."

पलीकडे ती तसं करत असावी. व्यंकटीचा श्वास ऐकू आला, मग कस्तुराबाईचा आवाज: "इचार, दिवसातून किती येळा."

"तीनदा," उमाशंकर म्हणाले.

"तीनदा," सिंधुनं आईला सांगितलं. मग म्हणाली, "बरं सर, ठेवते," आणि फोन ठेवला.