घरपोच सही

गावाचं नाव लिहीत नाही. घोरावाडीहून गाडीने फार लांब नाही, एवढं पुरे. ह्या गोष्टीतल्या मंडळींचे नातू अजून तिथेच राहतात आणि मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. चाळीस साल उजाडायच्या आधी म्युनिसिपालिटीत बायकांसाठी एक जागा राखून ठेवायची, असं ठरलं. सातवी पास झालेली सून गावात मीच, म्हणून ती माझ्या पदरात पडली. अभिनंदनाला आलेले लोक आमच्या ह्यांना हार घालून गेले.

सभा मंगळवारी दुपारी भरे. तिथे विड्यांचा धूर, चढलेले आवाज. बाईमाणसाला त्रास नको म्हणून अध्यक्षांनी एक सोय काढली. सभा उठली की शिपाई ठराव लिहिलेलं सभेचं बुक घेऊन घरी यायचा आणि मी ओटीवर सही करायची. मला ही सोय आवडली, खोटं कशाला बोलू? सासूबाईंची कुरकुर नव्हती, चूल वेळेवर पेटत होती आणि 'मेंबरीणबाई' म्हणून मिळायचा तो मान मिळतच होता.

एकदा मी कुरडया घालत होते. शिपाई म्हणाला, "बाई, नेहमीचंच हाय. हितं करा." मी हात पुसले आणि सही ठोकून दिली.

आठ दिवसांनी सुईण दारात आली. म्युनिसिपालिटीची पगारी सुईण, दवाखान्यात काम शिकलेली. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. अडलेल्या बाईसाठी वराळ्यापर्यंत पायी जायची.

"बाई, मला काढली," ती म्हणाली. "माझ्या पगारात बंगल्यांच्या रस्त्याला दिवे लावणार हायेत म्हनं. ठरावावर समद्यांच्या सह्या हायेत. तुमची बी."

पुढच्या मंगळवारी मी पहिल्यांदा सभेला गेले. मला खुर्चीच नव्हती, ती शेजारच्या खोलीतून आणवली. सगळे अदबीने उभे राहिले, विड्या विझल्या. सुईणीला परत घ्यावं, असं मी म्हणाले. अध्यक्षांनी बुक माझ्याकडे फिरवलं.

"एकमताने मंजूर. ही सही आपलीच ना?"

"हो."

"मग बाईंचाच बाईंना विरोध कसा?"

सगळे हसले, अगदी सभ्यपणे. अनुमोदन कुणीच दिलं नाही.

त्यानंतर मी एकही मंगळवार चुकवला नाही, पण सुईणीला त्याचा काय उपयोग? लोणावळ्याच्या एका बंगल्यात तिला आयाचं काम मिळालं. निघताना ती निरोप घ्यायला आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, मला वाचता येत न्हाई. तुमाला येतं. मग बघितलं का न्हाई?"

"सवड झाली नाही," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली, आणि बोचकं उचलून स्टेशनकडे चालू लागली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.