धानोऱ्याची वरात आणि दोन माणसांची मोटार

आमचे हे नंदुरबारच्या कोर्टात वकील होते. एकदा कामासाठी धुळ्याला गेले आणि परत आले ते स्वतः मोटार चालवत. जाताना बरोबर ट्रंक नेली होती, ती काही दिसेना.

"ट्रंक कुठंय?" मी विचारलं.

"मागून येईल. गाडीत जागा नव्हती."

मी मोटारीकडे पाहिलं. ट्रंक सोडा, पाण्याचा तांब्या ठेवायलाही तिच्यात जागा शोधावी लागली असती.

झालं होतं असं, की जंगलखात्यातला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि बंगल्यावरचं सामान विकायला काढलं होतं. बाकीच्या वकिलांनी टेबलं घेतली, आरामखुर्च्या घेतल्या, एकानं साहेबाचा आंघोळीचा टब घेतला. ह्यांनी मोटार घेतली. तीही साधी नव्हे, स्पोर्ट्स. लाल रंग, लांबलचक नाक, बसायला दोनच जागा, आणि जमिनीपासून इतकी बुटकी की शेजारची शेळी तिच्या आत सरळ मान घालून पाहू शके. वर मेणकापडाचं छप्पर होतं, पण ते एकदा उघडलं की मिटत नसे आणि मिटलं की उघडत नसे. नाकावर कातडी पट्टा आवळलेला, घोड्याच्या तंगासारखा.

शेजारचे तेलाचे व्यापारी बाहेर आले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि काळजीनं म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी ते मस्त शे. पन बाकीनी गाडी कोठे शे?"

"एवढीच असते ती," हे म्हणाले. "रविवारची गाडी आहे. रोजच्या वापराची नव्हे."

फक्त रविवारी वापरायची वस्तू म्हणजे काय, हे आमच्या आळीत कुणाला कळेना. दूध घालणारी बाई तर मला विचारून गेली, "सहा दिन बसीसन खास काय ती?" मी नाशिककडची. लग्न होऊन खानदेशात आले तेव्हा अहिराणी मला अर्धीच कळे, पण सहा दिवस ती बसून खाते का, हा प्रश्न पुरता कळला.

ह्यांच्या मनात मात्र रविवारचा सगळा बेत तयार होता. पहाटे उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा, प्रकाशाला जाऊन तापीकाठी बसायचं, आणि उन्हाच्या आत घरी. साहेब आणि मडम असंच करत म्हणे. साहेब-मडमांची गाडी सुरू कशी होत होती, हे मात्र ह्यांनी विचारून घेतलं नव्हतं. ती सुरू व्हायला एकानं पुढं उभं राहून हँडल फिरवावं लागे, आणि इंजिन धरतंय असं वाटलं की त्याच क्षणी दुसऱ्यानं आत बसून पायाखालची कळ दाबावी लागे. हँडल हे मारणार. मग आत बसायला उरलं कोण? मी.

पहिल्या रविवारी इंजिन धरलं, मी कळ दाबली, गाडी गुरगुरायला लागली. हे हँडल काढून, वळसा घालून, दार उघडून आत पाय टाकेपर्यंत ती बंद पडली. पुन्हा हँडल, पुन्हा कळ, पुन्हा बंद. सावकाश काही करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. उभी राहिली की मरे, हळू चालवली की नाकातून वाफ सोडे, आणि जोरात सोडली की खूश. शेवटी घामाघूम झालेले हे ओरडले, "आता थांबू नकोस! तूच घेऊन चल! मी पळत येतो!"

"कशी घेऊन चलू?"

"मी सांगतो तसं कर!"

त्यांनी पळता पळता जे सांगितलं तेवढंच माझं शिक्षण. गाडी निघाली. गावाबाहेर एक मोठं माळरान होतं, तिथं जाऊन मी गोल गोल फिरत राहिले. हे धापा टाकत आले आणि चालत्या गाडीत उडी मारून बसले. पुढचे रविवार असेच सुरू झाले. मी नऊवारीचा काष्टा आवळून, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारून स्टिअरिंगच्या चाकापाशी बसे. पुढं पुढं तर हे आत आल्यावरही जागा बदलायचं आम्ही सोडून दिलं. वकीलसाहेबांची बायको मोटार हाकते, ही बातमी मोटारीपेक्षा लवकर सगळीकडे पोचली.

रनाळ्याला सासऱ्यांना गाडी दाखवायला गेलो तेव्हा आत शिरेपर्यंत मी धुळीनं अशी माखले होते, की सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हाई कोन बाई शे?" मी गाठ सोडून पदर झटकला. "माय वं! हाई ते मन्ही सून शे!"

सासरे बोलायला कमी. जन्म शेतीत गेलेला. ते गाडीभोवती सावकाश फिरले, चाकाला हात लावून पाहिला, मग आत बसले. पाय सरळ पुढं गेले, गुडघे दिसेनासे झाले. जरा वेळानं ह्यांनी विचारलं, "कशी आहे?"

"बसाले चांगली शे," ते म्हणाले. "उठाले दोन मानसं लागतस."

आम्ही दोघांनी मिळून त्यांना वर काढलं. त्यांनी पुन्हा त्या गाडीचं नाव काढलं नाही. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा मात्र नाव निघालंच.

मुलगी धानोऱ्याची होती. लग्नाचा सगळा कारभार तिच्या मामांच्या हातात. भरदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. सगळ्या गोष्टी गोडीगुलाबीनं ठरल्या आणि उठता उठता मामा म्हणाले, "नवरदेव मोटारमाच उना पाहिजे. आम्हना गावमा आजून कोनाच नवरदेव मोटारमा येल नही."

सासऱ्यांना घोडी हवी होती. दिरानं आयुष्यात पहिल्यांदा बापासमोर तोंड उघडलं आणि मोटार हवी म्हणाला. ह्यांना तर विचारायलाच नको. घोडीवाल्याला नाही म्हणून कळवलं.

वऱ्हाड बैलगाड्यांनी रनाळ्याहून निघून आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामी आलं आणि पहाटेच धानोऱ्याला पुढं गेलं. आम्ही दोघं मोटारीनं मागून गेलो. वैशाखाचं ऊन होतं. लग्न गोरज मुहूर्तावर. उतरायच्या जागेपासून मारुतीच्या पारापर्यंत आणि तिथून मांडवात, अशी वरात जायची होती. दुपार कलल्यावर ह्यांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, तिच्या नाकावर हळदकुंकू लावलं, आणि हँडल मारलं. हँडल उलटं फिरलं. त्याचा दणका असा बसला की ह्यांचं मनगट बघता बघता गाजराएवढं सुजलं.

एकच धावाधाव झाली. कुणी हळद तापवून आणली, कुणी फडकं. हे कण्हत होते, पण मनगटापेक्षा मोटारीसाठी जास्त. "चाक धरता येणार नाही," ते म्हणाले.

बाशिंग बांधलेला दीर रडकुंडीला आला. सासरे म्हणाले, "चालत जाऊत. पाय शेतस ना?"

सासूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "मन्हा पोऱ्या चालत नही जावाव. घोडी ते तुम्ही सांगेल नही. आते काय त्याले गधडावर बठाडसूत?" मग माझ्याकडे वळल्या. "तुले येस का नही हाई गाडी?"

"येते," मी म्हणाले. "फक्त हळू चालवता येत नाही."

ह्या शेवटच्या वाक्याकडे कुणीही लक्ष दिलं नाही. दोघा धट्ट्याकट्ट्या वऱ्हाड्यांनी हँडल मारलं, मी कळ दाबली, गाडी सुरू झाली. दीर शेजारी बसला. समोर ढोल, सनई, नाचणारे लोक. मी मुंगीच्या पावलानं गाडी पुढं सरकवली. दहा-बारा घरं ओलांडली असतील नसतील, तिच्या नाकातून शिट्टी वाजायला लागली. मग वाफ. वाफ उलटी येऊन दिराच्या तोंडावर, बाशिंगाच्या फुलांवर.

"वहिनी, मी शिजी ऱ्हायनू!" दीर म्हणाला.

इंजिन ठसकायला लागलं. गळ्यात हात बांधलेले हे बाजूनं चालत होते. ते ओरडले, "वेग घे! वेग घे, नाहीतर बंद पडेल आणि मग आज काही सुरू होत नाही!"

मी भोंगा दाबला. लोकांना वाटलं, तोही वाजंत्रीतलाच. ते जास्तच नाचायला लागले. उजवीकडे एक बोळ मोकळा दिसला. मी चाक फिरवलं आणि कळ दाबली.

वाऱ्यानं दिराचं बाशिंग मागं गेलं, माझ्या पदराची गाठ सुटली. बोळातून बाहेर, खळ्यावरून, पांदीतून आम्ही गावाला वळसा घातला. वाटलं होतं, फिरून येईपर्यंत वरात पुढं सरकलेली असेल. आलो तर लोक तिथंच, मन लावून नाचत होते. मागं नवरदेव नाही, हे निम्म्यांना अजून कळलंही नव्हतं. वाट नाही म्हटल्यावर मी पुन्हा बोळात शिरले.

आता मांडव नेमका ह्या वळशाच्या वाटेवर होता. मांडवाच्या दारात मुलीकडची सगळी मंडळी हार आणि पंचारती घेऊन उभी. त्यांच्यासमोरून लाल मोटार सणकन निघून गेली. आत बाशिंगवाला नवरदेव, आणि शेजारी केस उडालेली कुणी परकी बाई. लोक बघतच राहिले. आम्ही पुन्हा आलो, मग तिसऱ्यांदा आलो. ह्या वेळी दिरानं त्यांना धीर द्यावा म्हणून दोन्ही हात वर करून हलवले आणि ओरडला, "येस! येस!" म्हणजे येतो, येतो. पण गाडीच्या आवाजात शब्द कुणाला ऐकू जाणार? त्यांना फक्त निरोपाचे हात दिसले.

मागून एक आरोळी उठली. "नवरदेव पयी गया! एक बाई लई गयी त्याले!"

मी वळून पाहिलं. मामांच्या दमणीला बैल जुंपलेलेच होते. मामा उभ्या उभ्या ती हाकत आमच्या मागं लागले होते, फेट्याचा शेमला हवेत आणि मिशा दोन्ही बाजूंना. ते पाहून घाबरायचं सोडून दीर आणि मी हसत सुटलो. हसण्याच्या भरात मी वळण चुकले, आणि गाडी नाल्याच्या रेतीत शिरली. दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

दमणी येऊन थांबली. मी घाईघाईनं पदर घेतला. मामा खाली उडी मारून आले आणि गरजले, "कोठे लई चालन्यात आम्हना नवरदेवले?"

"मांडवात," मी म्हणाले. "पण रस्ताच मिळेना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिराकडे पाहिलं. दीर हसून हसून रडत होता आणि प्यायला पाणी मागत होता. मामांनी कपाळाला हात लावला, मग स्वतःच दमणीतली घागर काढून त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. उरलेलं मोटारीच्या नाकात ओतलं. त्यानं ती काही सुरू झाली नाही, फक्त मोठा सुस्कारा सोडला.

"मन्हा भाऊनी बायको शे ती," दिरानं शेवटी सांगितलं.

"आन गाडी?" मामांनी विचारलं.

"ती पण त्यासनीच."

सूर्य टेकायला आला होता. मामांनी दमणीचे बैल सोडले आणि नाड्यानं मोटारीला जुंपले. स्वतः कासरा धरून पुढं चालायला लागले. मी चाक धरून बसले. आम्ही गावात शिरलो तेव्हा वाजंत्र्यांनी नव्या जोमानं सुरुवात केली. बैल वरातीच्या चालीनंच चालत होते. मोटारीतून वाफ नाही, आवाज नाही. सासरे वाटेत उभे होते. त्यांनी बैलांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. "आते खरी गाडी दिखास," ते म्हणाले.

मुहूर्त साधला तो भटजींच्या दयेनं. तांबूस उजेड अजून आहे, असं ते सगळ्यांना पटवून देत राहिले.

लग्नानंतर नवी जाऊबाई आठ दिवसांसाठी आमच्याकडे नंदुरबारला आली. लाजरी, खाली मान घालून बसणारी. मला तिच्यापुढं ओशाळल्यासारखं होई. ऐन लग्नात तिचा नवरा मी तिच्या मांडवावरून तीन वेळा नेला होता. एकदा भाकरी थापताना मी म्हटलं, "तुला काय वाटलं असेल ग त्या वेळी?"

ती पदरात तोंड लपवून म्हणाली, "ताई, माले वाटनं, पयी चालना ते चालना, पन काय झोकमा चालना!" आणि हळूच पुढं, "माले बी बसाडशात का?"

रविवार उजाडला. ह्यांचं मनगट बरं झालं होतं. त्यांनी चहाचा थर्मास भरून ठेवला, धुतलेला कोट घातला, आणि हँडल मारलं. मी कळ दाबली. जाऊबाई शेजारी येऊन बसली.

"अगं, मग मी कुठं बसू?" हे म्हणाले.

जागा दोनच होत्या, आणि थांबून विचार करायची त्या मोटारीला सवय नव्हती. आम्ही निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत जाऊबाईनं दोन्ही हातांनी दार घट्ट धरून ठेवलं होतं, डोळेही मिटलेले. भ्यायली असेल म्हणून मी विचारलं, "परत फिरू का?"

तिनं डोळे उघडले. समोर प्रकाशाचा रस्ता सरळ, रिकामा पडला होता.

"नको," ती म्हणाली. "आजून जोरमा."