रखमाबाईच्या लुगड्याचं अस्तर

धाकट्या डहाणूत कल्पिताच्या पडवीत पाहुण्याला बसायला जागा नाही. सगळी पडवी गोधडीच्या मशीनने अडवली आहे. वापीला एक कारखाना मोडीत निघाला, तेव्हा तिने ते हौसेने उचललं. पलंगाहून मोठी लोखंडी चौकट, दोन्ही टोकांना कापड गुंडाळायचे रूळ आणि वरून फिरणारी लांब हाताची सुई. नवरा मोतीराम म्हणतो, "यापेक्षा होडी बरी, ती निदान पाण्यात तरी जाते." कल्पिता मोतीरामवर खेकसते आणि मशीनशी गोड बोलते.

तिची लेक मयूरी झाईला चिकूच्या वाडीवाल्यांकडे दिलेली. तिला मुलगी झाली आणि बारशाला तिने आईकडे एकच मागितलं, आजीच्या लुगड्याची गोधडी. आजी म्हणजे कल्पिताची सासू रखमाबाई. बाईने जन्मभर सुके बोंबील विकले, जन्मभर सुनेशी भांडण केलं आणि नातीला मात्र ती रोज कुशीत घेऊन झोपायची. तिच्यामागे एकच हिरवं लुगडं उरलं होतं. पेटी उघडली तर तेही अर्धंच.

"बाकीचं कुठं गेलं?"

मोतीराम छपराकडे बघायला लागला. "होडीच्या इंजिनाला गुंडाळलंय. आईच म्हणायची ना, इंजिनाला जप!"

कल्पिताने त्याचा उद्धार केला आणि उरलेलं लुगडं वासाच्या साबणात तीनतीनदा घुसळून काढलं. चिकूवाल्यांच्या घरात कुणी नाक मुरडलं तर लेकीला खाली बघावं लागेल, ही तिची खरी धास्ती. लुगडं अस्तराला लावायचं, म्हणजे बाळाच्या अंगाला तेच लागेल. पण ते गोधडीएवढंच भरलं. रुळांवर ताणायला दोन्ही टोकांना वीतभर जास्त कापड लागतं, ते आणायचं कुठून? तिने जुन्या चादरीच्या पट्ट्या जोडल्या. रूळ फिरवताच त्या चर्रकन फाटल्या.

मोतीरामला प्रायश्चित्ताची संधी मिळाली. तो जुन्या जाळ्याचे दोन तुकडे घेऊन आला. "हे जोड. जाळं कधी फाटत नाही. शिवून झालं की कापून टाक."

"धुतलंय का?"

"खाडीत धुतलंय."

एरवी या उत्तरावर तिने त्याला जाळ्यासकट खाडीत धाडलं असतं. पण बारसं तोंडावर आलं होतं. जाळं जोडलं आणि अस्तर डफासारखं ताठ बसलं. दोन दिवस सुई लाटा काढत फिरली, आणि रुळावर लुगडं जाळ्यावर गुंडाळलं जात राहिलं. पडवीसमोर आळीतली सगळी मांजरं येऊन बसली. "माझी शिलाई बघायला येतात," कल्पिता शेजारणीला म्हणाली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळत आलेली, तिच्या नाकाला वेगळं काही कळायचं कारणच नव्हतं.

ते कळलं झाईच्या एस.टी.त. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सुकी मासळी मागे ठेवा."

"गोधडी आहे ती!"

शेजारचा माणूस उठून दारात जाऊन उभा राहिला. कल्पिताने पिशवीत नाक घातलं. जाळं कापून टाकलं होतं, पण त्याचा वास लुगड्यात उतरला होता. झाई येईपर्यंत ती हलक्या आवाजात मोतीरामची सालटी काढत होती. मोतीराम खिडकीतून बाहेर बघत होता.

बारशाच्या घरात ती पिशवी पाठीमागे लपवून उभी राहिली. मयूरीने ती ओढून घेतली, गोधडी काढली आणि तोंडाशी धरली. मग तिने डोकं वर काढलंच नाही. विहीणबाई पुढे आल्या. कल्पिताने देवाचं नाव घेतलं.

"आई," मयूरी गोधडीतूनच म्हणाली, "आजी आली गं." डोळे पुसत तिने विचारलं, "इतके दिवस हा वास कसा राखलास?"

ज्या वासावरून सासूशी जन्मभर भांडली, तोच वास कल्पिताने खोल ओढून घेतला. त्या क्षणी तिला सासूची खरंच आठवण आली, पहिल्यांदाच.

"लुगडं धुतलंच नाही मी," ती म्हणाली. "जपून ठेवलं होतं."

मोतीरामने तोंड उघडलं. कल्पिताने त्याच्या पायावर पाय दिला.