लाल ठिपक्याचा व्हॉल्व्ह

आमचे हे गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करतात. करायचे, असं म्हणायला हवं. पण जीभ अजून वळत नाही.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. आत माझा स्वयंपाक, बाहेर ह्यांचा ठणठणाट. जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये काचेचे बोटभर व्हॉल्व्ह असतात. गिटारचा सूर आधी ज्याच्यातून जातो, त्या पहिल्या व्हॉल्व्हवर आवाजाचा पोत ठरतो. एक काढून दुसऱ्या बनावटीचा बसवला की तीच गिटार गोड वाजते, नाहीतर बोचरी. ह्यांचं खरं कसब तिथे. खोक्यातले व्हॉल्व्ह एकेक करून बसवायचे, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं. मनासारखा लागला की माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका काचेवर. लग्नानंतर मी नखं कधी रंगवली नाहीत, बाटल्या मात्र संपत राहिल्या.

मग ह्यांचे अँप बोचायला लागले. निवडलेला प्रत्येक व्हॉल्व्ह आधीच्यापेक्षा कर्कश. कुकरच्या शिट्ट्या ह्यांना ऐकू येईनात, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारीक, टोकदार आवाज ह्यांच्या कानांतून गळत चालले होते आणि जे कमी पडतं ते हे अँपमध्ये भरून काढत होते.

"अहो, कान दाखवून या."

"कान शाबूत आहेत. तुझी बडबड येते ना ऐकू!"

मी रागाने चमचे आपटले. ह्यांनी वळूनही पाहिलं नाही.

गिऱ्हाइकं भली होती, तिथेच घात झाला. "वा मास्तर!" म्हणत अँप घेऊन जायची.

गेल्या महिन्यात हॉटेलात वाजवणारा गिटारवाला धावत आला. अँप अचानक मुका झालेला आणि संध्याकाळी कार्यक्रम. ह्यांनी मागची फळी उघडली, सुटलेली वायर चुटकीसरशी जोडली, आणि पहिल्या व्हॉल्व्हकडे बघतच राहिले. त्याच्यावर ठिपका नव्हता. ह्यांनी मागे काढून परत दिलेला जुनाच व्हॉल्व्ह होता तो.

"माझा कुठाय?"

गिटारवाल्याने मान खाली घालून पिशवीतून लाल ठिपक्याचा व्हॉल्व्ह काढला. "मास्तर, हा... जरा टोचतो कानाला."

"बाकीचेही असंच करतात?"

तो पिशवीचे बंद आवळत राहिला. ह्यांनी अँप बंद करून आपला व्हॉल्व्ह बसवला आणि मला हाक मारली. "अगं, इथे उभी राहा. हं, वाजव रे."

ह्या वेळी ह्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी चेहरा दगडासारखा धरला. गिटारवाल्याने सगळ्यात बारीक तार छेडली आणि माझे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले.

"छान आहे की," मी म्हणाले.

"हो ना," हे म्हणाले.

अँप बंद करून तापलेला व्हॉल्व्ह ह्यांनी उघड्या बोटांनी उपटला. हूं नाही की चूं नाही. जुना बसवला आणि गिटारवाल्याला वाटेला लावलं. मला ह्यांची कीव आली आणि तितकाच संतापही आला, वेळेवर माझं ऐकलं का नाही म्हणून. पण भांडणार कुणाशी?

व्हॉल्व्हचा खोका माळ्यावर गेला. आता हे पंखे दुरुस्त करतात. पंखा फिरतो की नाही, ते डोळ्यांना दिसतं. काम चोख असतं, गिऱ्हाईक खूश असतं. तरी पंखा सुरू करायचा झाला की मला आतून बोलावतात. बटण दाबतात आणि पंख्याकडे नाही, माझ्या खांद्यांकडे बघतात.