मोठ्या कार्डाचं पाकीट

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत नोकरीला होतो तेव्हा मी दर रविवारी कार बूट सेलला जायचो. शाळेच्या मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं जुनं सामान विकायचे. तिथे एक गोरा म्हातारा बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची जुनी कार्डं घेऊन बसायचा. ती नेहमीच्या कार्डांपेक्षा चांगली मोठी होती, त्याने हौसेने अमेरिकेतून मागवलेली. कार्डाला हात लावण्याआधी तो रुमालाने एकेक बोट पुसायचा.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, असं मी सांगितलं तेव्हा तो हसला. "मला तरी कुठे कळतं? मी चेहरे बघतो." आणि एक कार्ड त्याने मला असंच देऊन टाकलं.

घरी आल्यावर ते माझ्या क्रिकेट-कार्डांच्या अल्बममध्ये मावेना. मी सरळ कात्री घेतली आणि चारही कडा कापून ते खणात बसवलं. वर आपण किती हुशार, असंही वाटलं.

पुढच्या रविवारी त्याने माझ्यासाठी प्लास्टिकचं पाकीट आणलं होतं. बरोबर त्या कार्डाच्या मापाचं, घरी बसून स्वतः चिकटवलेलं.

"अल्बममध्ये मावत नाहीत म्हणून लोक कापतात ही कार्डं," तो म्हणाला. "तू तसा वाटला नाहीस, म्हणून तुला दिलं."

"थँक यू," मी म्हणालो. "अगदी जपून ठेवलंय."

त्यानंतर मी त्या मैदानाकडे फिरकलो नाही. कार्ड आता त्याच पाकिटात असतं. हातात घेतलं की आतल्या आत सरकतं.