गाईसाठी लावलेला मका

मका म्हटलं की आमच्या वाडीला एकच गोष्ट सुचते: निखारे, मीठ आणि लिंबाची फोड. तो गाईसाठी पिकवतात, तोही कणसासकट, हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाईला श्रीखंड वाढायला निघाले होते.

माझं माहेर महाडचं, भर बाजारपेठेतलं. लग्न होऊन पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीत आले. आमचे हे मुंबईला नोकरीत, इथे मी आणि सासूबाई. दोन संकरित गाई मी हट्टाने घेतल्या. त्यांचं दूध हायवेवरच्या एका हॉटेलाला जातं. पावसाळ्यात चाऱ्याला तोटा नसतो. होळी जवळ आली की मात्र डोंगर वाळून जातो आणि गोठ्यात भाताच्या पेंढ्याशिवाय काही राहत नाही. पेंढ्यावर अशी गाय जगते, दूध देत नाही. एका उन्हाळ्यात दोघीही आटल्या, तेव्हा ह्यांनी सुनावलं, "पुढच्या उन्हाळ्यात असंच झालं तर गाई विकायच्या आणि तू मुंबईला यायचं." मला मुंबईला जायचं नव्हतं. तिथल्या खोलीत दिवसभर दार लावून बसायचं मला जमत नाही. मला माझा गोठा हवा होता, बस.

म्हणून मुरघास करायचं ठरवलं. हिरवा मका कापायचा, यंत्रावर त्याची कुट्टी करायची, मोठ्या पिशव्यांत दाबदाबून भरायची आणि तोंड हवाबंद करायचं. मग उन्हाळाभर गाईला ओला चारा. पण सगळी मेख कणसात आहे. दाणा अर्धा दुधाचा, अर्धा पिठाचा झाला की अख्खं झाड कणसासकट कापायचं. ताकद त्या दाण्यात. कणसं काढलेल्या नुसत्या ताटाने पोट भरतं, दूध येत नाही.

भात निघाल्यावर वहाळाजवळच्या खाचरात आफ्रिकन टॉल पेरला. तो चाऱ्याचाच मका, माणसाच्या डोक्यावर जाणारा. आणि पहिली कटकट तिथेच सुरू झाली. आमच्याकडे भात झोडून झालं की गुरं मोकळी सोडतात. त्या दिवसापासून कुणाचंही शेत कुणाच्याही गुराचं. गावकीत विषय काढला तर एक जण म्हणाला, "गुरांना काय वाचता येतं, ही तुजी हद्द हाय म्हनून?" सगळे हसले आणि विषय संपला. मग मी जुन्या साड्या जमवल्या. माझ्या, सासूबाईंच्या, महाडहून आईकडून मागवलेल्या. खांबांना बांधून खाचराभोवती त्यांचं कुंपण केलं. गुरं बिचकली, रानडुकरंही बिचकली. अळी पडली ती मी कोवळ्या पानांच्या पोंग्यात बोट घालून एकेक वेचली. सासूबाई बांधावर बसून म्हणायच्या, "आमी नाचनी लावली, वरी लावली, पन गाईसाठी कदी काय पेरलं नाय. गाय रानात चरते गो!"

मका मात्र आला. असा आला की मी हात वर केला तरी तुरा हाती लागेना. मला फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही. दूध घालायला गेले की हॉटेलवाल्यालाही मक्याचीच हकीकत सांगायची.

दाणा भरला तो नेमका शिमग्याच्या तोंडावर. कुट्टीवाल्याला मी सांगून ठेवलं होतं, कापायला शेजारच्या वाडीतल्या बायकाही यायला तयार होत्या. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "थांब. शिमग्याला आम्ही सगळे येतोय. सगळे मिळून एका दिवसात उरकून टाकू. बाहेरची माणसं कशाला?" शिमग्याला अख्खी वाडी मुंबईहून भरून येते हे काही खोटं नव्हतं. मी थांबले.

देवाची पालखी आमच्या घरी आली त्या दिवशी मी सकाळपासून पुरणपोळ्यांत. पालखी पुढच्या घरी गेल्यावर, भांडी तशीच टाकून, दुपारी मक्याकडे गेले. एका बाजूच्या साड्या कुणीतरी सोडून नीट घड्या करून बांधावर ठेवल्या होत्या. खाली जाळ केलेला. भोवती आमचे हे, चुलत दीर, जावा, त्यांची मुलं. प्रत्येकाच्या हातात कणीस. जावांच्या पिशव्या मुंबईला न्यायला टम्म भरलेल्या. मागे माझा मका उभा होता, आणि त्याला औषधालाही कणीस उरलं नव्हतं.

"बघ," हे मोठ्या कौतुकाने म्हणाले, "एक ताट मोडू दिलं नाही. सगळ्यांना बजावलं, ताटं गाईची आहेत, हात लावायचा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि कणसं?"

"कणसं काय गाई खाणार?"

पुन्हा सगळे हसले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एकदम ऑरगॅनिक हाय ना? मस्त स्वीट!" मी दाण्याचं सांगायला लागले, दुधाचं सांगायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी. कुणीतरी मीठलिंबू लावलेलं गरम कणीस माझ्या हातात दिलं. मी ते वहाळात भिरकावलं.

 मुलं माझ्याकडे बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "सनाच्या दिवशी पोरांच्या तोंडचा घास काढतेस काय गो?" म्हणजे घास पोरांच्या तोंडचा गेला! गाईचं कुणी नावसुद्धा काढलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की महाडवालीला माणसं आलेली खपत नाहीत.

कापणीची मदत म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पालखी देवळात गेली आणि मुंबईकर मुंबईला गेले. कुट्टीवाल्याच्या गावातही शिमगा, तो त्याच्या सवडीने आला. तोवर ताटं वाळून कडक झाली होती. तरी आम्ही पिशव्या भरल्या. वाळलेला चारा नीट दाबला जात नाही, आत हवा राहते. उघडल्या तेव्हा बऱ्याच पिशव्यांना बुरशी लागलेली. जो चांगला निघाला तो गाईंनी खाल्ला. खाल्ला आणि नुसत्या रवंथ करत बसल्या. दूध रोज थोडंथोडं उतरत गेलं. हॉटेलवाल्याने आधी चौकशी केली, मग दुसरीकडून दूध लावलं.

मोठी गाय विकली. घाटावरचा माणूस टेम्पो घेऊन आला. ती मुकाट्याने चढली. टेम्पो आंबेनळीच्या वळणांवर दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यात उभी होते आणि मला रडूही येईना, इतका राग आला होता.

संध्याकाळी ह्यांचा फोन. आवाज अगदी मायेचा. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू मेहनत केलीस, मी बघितलीये. पण आपल्याकडे मका होत नाही, हे आता मान्य कर. दुसरी पण काढ आणि ये इकडे."

"मका झाला होता," मी म्हटलं. "तुम्ही खाल्लात."

पलीकडे हे खळखळून हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टेवर आले म्हणजे माझा राग गेला.