पूर्वेला कोणाचे घर

माझी पुतणी लग्नकार्यात जी हकीकत रंगवून सांगते, ती पहिल्या वाक्यापासून चुकीची आहे. "दोडप्पांनी शेजारच्या काकूंचं दानपत्र सबरजिस्ट्रारच्या दारात अडवलं आणि आमच्या अप्पांनी एका वाक्यात सोडवलं," असे ती सांगते, आणि ऐकणारे हसतात. दोडप्पा म्हणजे मी, तिचा थोरला काका. अप्पा म्हणजे तिचे वडील, माझा धाकटा भाऊ, डॉक्टर. त्यातले 'अडवलं' खोटे आहे आणि 'सोडवलं' त्याहून खोटे आहे. हात अजून चालतो आहे तोवर माझी बाजू मीच लिहून ठेवतो.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातले आमचे घर माझे आहे. हे वाक्य मला लिहावे लागते, यातच सगळे आले. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या पगारातून मी ही साइट घेतली, तिच्यावर घर उभे केले. खरेदीपत्र एकट्या माझ्या नावाचे. धाकटा डॉक्टर होऊन आला तेव्हा पुढची खोली मीच त्याला दवाखान्यासाठी दिली आणि फाटकाशेजारी त्याची पाटी लागली. पुढे त्याने जयलक्ष्मीपुरमला स्वतःचा बंगला बांधला आणि पाटी काढून नेली. तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला. मी सबंध दर्शनी भिंत रंगवून घेतली. चौकोन गेला, डॉक्टर गेला नाही. आजही ऑटोवाला आमच्या क्रॉसशी, म्हणजे आडरस्त्याशी, वळताना मागे बघून विचारतो, "डॉक्टर मनेना, सार?" डॉक्टरांचे घर ना? आणि मी माझ्याच दारात भावाच्या नावाने उतरतो.

याचा मला मत्सर वाटतो का? वाटतो. स्वतःचे घर दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाताना ज्याला काही वाटत नाही, तो संत असेल किंवा भाडेकरू.

आमच्या पश्चिमेच्या घरात माझ्या दिवंगत मित्राची पत्नी राहते. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावोजी. तिचे घराणेही आमच्यासारखे मराठी, जुन्या म्हैसूर फौजेतून इथे रुजलेले. तिने आपले घर मुलीला दानपत्राने द्यायचे ठरवले. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून एक हाक मारली असती तर मी सगळे कागद लावून दिले असते. पण तिने फोन केला तो जयलक्ष्मीपुरमला. नाडी बघणाऱ्याला जमीन बघायला बोलावले! त्याने दस्तलेखक गाठून दिला, मसुदाही नजरेखालून घातला. माझ्याकडे ती आली ती अगदी शेवटी, किरकोळ कामासाठी.

"भावोजी, तुमचा साइट नंबर तेवढा सांगा की. लेखकाला हवाय."

"मसुदा दाखवा."

"अय्यो, डॉक्टरांनी सगळं बघितलंय हो."

"म्हणूनच दाखवा."

दस्ताच्या शेवटी चतुःसीमा असतात. जागा कोणती, हे तिच्या चार दिशांना कोण आहे यावरून ठरते. तिथे लिहिले होते: पूर्वेला, डॉक्टर, आणि पुढे माझ्या भावाचे संपूर्ण नाव, यांचे घर.

"वहिनी, तुमच्या पूर्वेला कोण राहतं?"

"तुम्ही की."

"मग इथे कोणाचं नाव आहे?"

तिने चष्मा वरखाली केला. "ते सगळ्यांना कळावं म्हणून घातलं असेल हो. डॉक्टरांचं घर म्हटलं की पोस्टमनही डोळे मिटून येतो."

"पोस्टमनला येऊ द्या डोळे मिटून. दस्त डोळे उघडे ठेवून लिहायचा असतो."

"नंबर सांगा आणि वाद पुरे करा," स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली. मी नंबर दिला नाही, असे ती हल्ली सांगते. मी दिला. मसुद्यावर माझ्या हाताने लिहून दिला आणि त्याशेजारी माझे नावही लिहिले. तो कागद दस्तलेखकाकडे गेला. त्याने नंबर घेतला, नाव सोडले.

मी नोंदणी कचेरीत गेलो तो हट्टाने नव्हे, शोध घ्यायला. साइटचा नंबर, वसाहत, चारी दिशा आणि कुठल्या वर्षापासून कुठवर बघायचे, हे लिहून अर्ज दिला की त्या जागेवर नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा मिळतो. त्याला इथे सगळे ई. सी. म्हणतात. अलीकडची वर्षे संगणकावर सापडतात. जुनी हवी असतील तर कचेरीतल्या माणसाला जाड खंड उतरवावे लागतात आणि आपल्याला बाकावर बसावे लागते. उताऱ्यात दस्ताचा क्रमांक सापडला की त्या दस्ताची प्रमाणित नक्कल मागता येते. मी दोन नकला मागितल्या. वहिनीच्या यजमानांच्या खरेदीपत्रात पूर्वेला 'रिकामी साइट' होती, म्हणजे माझीच, घर बांधण्यापूर्वीची. ते बिनचूक होते. दुसरी नक्कल आमच्या मागच्या घराची, मधल्या काळात विकल्या गेलेल्या. तिच्यात उत्तरेला डॉक्टरांचे घर! खाली सरकारी शिक्का. माझ्या घराला पाठ लावून उभे असलेले घर इतकी वर्षे माझ्या भावाला शेजारी म्हणत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दस्तलेखक जागेवर जाऊन बघत नाही. मागचा दस्त बघतो, नाहीतर लोक म्हणतात ते लिहितो. आज वहिनीच्या दानपत्रात चूक गेली असती तर उद्या तिच्या मुलीने घर विकताना तीच उतरली असती. माझ्या माघारी माझ्या चारी दिशांनी माझ्या भावाच्या नावाची साक्ष दिली असती. कोण कोणाला अडवत होते, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

नोंदणीच्या दिवशी मी माझे खरेदीपत्र घेऊन कचेरीत उभा राहिलो. वहिनीची मुलगी रजा काढून बंगळुरूहून आली होती. दस्तलेखक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साकु बिडी, सार. पुरे, सोडून द्या. ते डॉक्टरांचं घर आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."

"गल्लीने घरपट्टी भरली आहे का कधी?" मी विचारले.

तेवढ्यात धाकटा आला. काउंटरमागचा कारकून उठून उभा राहिला. त्याच्या आईला म्हणे यानेच बरे केले होते. रांगेतल्या एकाने तिथल्या तिथे मनगट पुढे केले. कुठून तरी खुर्ची आली. मी सकाळपासून खांबाशी उभा होतो, मला कोणी बाकावर सरकून जागा दिली नव्हती.

"अण्णा, तू इथे? गुडघा दुखतोय ना तुझा?" चारचौघांत त्याने मला रोगी करून टाकले. मग त्याला भानगड सांगण्यात आली. तो हसला. "एवढंच ना? अण्णाचंच नाव घाला की. घर त्याचंच आहे."

पुतणी म्हणते ते एक वाक्य हेच. ते मी वहिनीपुढे म्हटले होते, मसुद्यावर लिहिले होते, दस्तलेखकाला कागद दाखवून सांगितले होते. माझ्या तोंडी ते भांडण होते; त्याच्या तोंडी ते औदार्य झाले.

"डॉक्टर, किती मोठं मन हो तुमचं!" वहिनीने डोळ्यांना पदर लावला.

"वहिनी," मी म्हणालो, "दान करायला वस्तू आपली असावी लागते. तुम्हीही आज त्याचसाठी आलात ना?"

कोणी हसले नाही. हसला तो फक्त धाकटा, आणि मनापासून हसला. त्याचा मला अधिकच संताप आला.

माहिती आधीच संगणकात भरलेली असल्याने अर्ज दुरुस्तीला परत गेला आणि त्या दिवसाची वेळ हुकली. मुलगी माझ्याकडे न बघता बंगळुरूला परतली. पुढच्या आठवड्यात तीच माणसे, तोच खांब, अंगठे, फोटो, आणि दस्त नोंदला गेला. पहिला साक्षीदार धाकटा. वहिनीने दुसऱ्या साक्षीसाठी मला विचारले. त्याच्या सहीखाली माझी सही मी करणार नव्हतो. "सीमेने साक्ष द्यायची नसते," असे सांगून मी बाजूला झालो.

काही महिन्यांनी पालिकेच्या दफ्तरी मुलीच्या नावे घराचे खाते चढवायला नवा ई. सी. हवा झाला. या वेळी भिंतीवरून हाक आली. "भावोजी, ते कचेरीचं तुम्हीच बघा बाई. तुमच्याइतकं कोणाला कळतंय?" हे पुतणीच्या हकीकतीत कधीच येत नाही.

मी उतारा आणला. देणारी वहिनी, घेणारी मुलगी, साइट, चारी दिशा. पूर्वेला माझे नाव, पूर्ण. साक्षीदारांची नावे उताऱ्यात येत नाहीत. म्हणून त्या सबंध कागदावर धाकटा कुठेही नव्हता. तो कागद वहिनीकडे देण्याआधी मी जयलक्ष्मीपुरमला गेलो. त्याने तो वाचावा, एवढीच माझी इच्छा होती. तो काय म्हणेल आणि मी त्यावर काय म्हणेन, हे वाटेतच ठरवले होते.

त्याने चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. बोट पूर्वेच्या ओळीवरून खाली गेले आणि मुलीच्या नावावर थांबले. "पोरीच्या नावावर झालं म्हणायचं. वहिनींचा घोर गेला," तो म्हणाला आणि कागद परत दिला. "कॉफी घेशील ना अण्णा?"

तो काही लपवत नव्हता. त्याने त्या कागदावर स्वतःचे नाव शोधलेच नव्हते. पुतणी म्हणेल, अप्पांचा स्वभावच निर्मळ. मी म्हणतो, ज्याला आपले नाव कधीच शोधावे लागले नाही, त्याला ते नाहीसे झाल्याचे कळणार कसे? माझी ठरवलेली वाक्ये माझ्याकडेच राहिली. कॉफी मी घेतली नाही.

परतताना ऑटोवाल्याने आमच्या भागात शिरल्यावर नेहमीसारखे विचारले, "डॉक्टर मनेना, सार?" मी नाही म्हणालो आणि माझे नाव सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते. साइटचा नंबर सांगितला, तोही नव्हता. त्याने एका क्रॉसमधून दुसऱ्यात बरेच फिरवले. शेवटी मी त्याला थांबवले आणि उतरून चालू लागलो. गुडघा दुखत होता, पण त्या दिवशी मी माझ्या घरी आलो.